सासूबाईंचं बीपी

निर्मलाताई गेल्या, हे त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं. झोपेतच हृदय बंद पडलं. फोन कानालाच होता आणि डोळ्यांपुढे काय यावं, तर ताई डोक्यावर पदर घेऊन सासू झालेल्या! आधी हसू आलं, मग रडू.

मंगरूळपीरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. ताई नर्सिंगच्या मुलींना शिकवायच्या. वॉर्डात त्यांच्या मुली चांगल्या तयार व्हायच्या, ओपीडीत मात्र गडबडायच्या. ताई म्हणायच्या, "वॉर्डातली बाई उद्याही तिथंच सापडते. ओपीडीतली घटकाभरात बसस्टँडवर जाते. तेवढ्यात तिचं खरं दुखणं निघालं पाहिजे." आणि आमच्याकडे सून एकटी येते कुठे? सोबत सासू येते, आणि बोलते तीच. म्हणून रविवारी ताईंच्या ओसरीवर खोटी ओपीडी भरायची. ताई सासू, मी सून. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. नको म्हणाले, तर ताई म्हणाल्या, "तुले बोलाचंच नाही. म्हणून तर तुले घेतलं!"

ताई अशी सासू करायच्या की मुलींना घाम फुटायचा. "तिले काय इचारता? मले इचारा! काई नाई झालं तिले, कामाचा आळस हाये." एखादी मुलगी "आजी, बाहेर बसा" म्हणाली, की ताई भडकायच्या, "काहून? मी काय परकी हाये?" आणि मला ओढत थेट घरात न्यायच्या. मुलगी नापास! मग शिकवायच्या, सासूला हाकलायचं नाही, तिचा मान ठेवायचा. "आजी, तुमचा चेहरा उतरलेला दिसते. या, तुमचंही बीपी पाहून देतो." सासू खूश होऊन दुसऱ्या मुलीकडे जाते आणि इकडे सून मोकळी होते.

एकदा अनसिंगच्या पूजाला हे फार छान जमलं. ताई तोऱ्यात बाही वर करत पलीकडच्या खुर्चीवर गेल्या. पूजा माझ्याजवळ वाकली. "काकू, आता सांगा. अजून काही हाये का?" मी 'पोट दुखते' म्हणायचं ठरलं होतं. पण इतक्या हळू आवाजात मला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं... तोंडून निघून गेलं, "छातीत गाठ लागते मले. दिवाळीपासून."

पूजा आनंदानं ओरडली, "मॅडम, काकू काय ॲक्टिंग करतात हो!"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. दंडाचा पट्टा काढून उठल्या. "खरंच का वं?"

मी मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी त्या मला अकोल्याला घेऊन गेल्या. गाठ काढली, औषधं झाली, मी बरी झाले. पुढे प्रत्येक तपासणीला ताई सोबत, आणि डॉक्टरांना सगळं त्याच सांगायच्या. एकदा मी म्हणाले, "ताई, आता तुमी खरंच माही सासू झाल्या." केवढ्या हसल्या! म्हणाल्या, "बरं, पुढच्या खेपेले तूच बोलजो."

ती खेप ताई गेल्यावर, परवा आली. मी अकोल्याला एकटी गेले. नर्सबाईनं विचारलं आणि मी सगळं सांगितलं, कुठं थोडं दुखतं तेही! बाहेर आले तेव्हा पळावंसं वाटत होतं, इतका आनंद झाला होता. समोर एक सून मान खाली घालून बसलेली. तिथली दुसरी नर्स तिला विचारत होती, उत्तरं सासू देत होती. नर्सच्या मदतीला कुणी नव्हतं. ओळख ना पाळख, तरी मी त्या सासूबाईंजवळ गेले.

"मावशी, लय थकल्यासारख्या दिसता. इकडं पंख्याखाली या न."

त्या उठून आल्या आणि गुडघ्यांचं सांगू लागल्या. मी सगळं ऐकून घेतलं. तिकडे सून बोलत होती.