तिने घेतलेलं नाव

मी सून म्हणून कोपरीला आले तेव्हा महायुद्ध संपून दोनेक वर्षं झाली होती. शेजारच्या सुनेचा नवरा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर बेपत्ता झालेला. गेल्याची खबर नाही, असल्याचीही नाही. घरात ती आणि तिची विधवा सासू, आमच्या काकू. एकमेकींना रडू येईल म्हणून दोघीही त्याचा विषय काढत नसत. आणि गल्लीतल्या बायका! हिला सवाष्ण म्हणावं की नाही, या घोळात त्यांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणंच सोडलं होतं.

माझ्या सासूबाईंना असले घोळ खपत नसत. त्या वर्षी संक्रांतीनंतर त्या स्वतः शेजारी गेल्या आणि दोघींना घेऊनच आल्या. काकू रिवाजाप्रमाणे आत स्वयंपाकघरात बसल्या, सून बाहेर सतरंजीच्या कडेला. सासूबाईंनी कुंकवाचं बोट पुढे केलं तशी ती मागे सरकली.

"नको मावशी. आधी नक्की काय ते कळू दे."

"कळेल तेव्हा कळेल. आज तू सवाष्ण आहेस. लावून घे, आणि नाव घे!"

नवऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, म्हणजे ते तिच्या तोंडून कित्येक वर्षांत निघालंच नव्हतं. तिने पुढे होऊन कुंकू लावून घेतलं. मग एका दमात म्हणाली,

"अंगणात वाळत घातले टोपलीभर वाल,
…रावांना विचारते, घरी कधी याल?"

ते नाव घ्यायचं तिनेच, मी इथे लिहीत नाही. तेवढ्यात आतून काकूंचं खो खो हसणं ऐकू आलं.

"अगं, लहानपणापासून असाच तो! कोथिंबिरीला पाठवला की खाडीवर मासे बघत बसायचा!"

मग काय, जी ती त्याच्या खोड्या सांगू लागली. ती स्वतः इतकी हसली की कुंकू नाकावर आलं. कधीही न पाहिलेला तो माणूस मला आवडूनच गेला.

पुढे तो शिरस्ताच पडला. दर वर्षी ती नवा उखाणा करून यायची आणि त्यात त्याला दटावायची. भाजी निवडताना आम्ही तिला यमकं पुरवायचो. माझा ठरलेला उखाणा कोणी ऐकूनही घेत नसे, याचा मला भारी राग यायचा!

एका वर्षी मात्र तिचा घसा पार बसला. तोंडातून शब्द फुटेना. यंदा नाव घ्यायचं राहणार म्हणून तिचे डोळे भरून आले. तेव्हा काकू उठल्या आणि हळदीकुंकवात कधी नव्हे त्या बाहेर आल्या.

"मी घेते नाव."

"उखाण्यात?" कोणीतरी विचारलं.

"आई आहे मी त्याची. मला कशाला हवा उखाणा?"

आणि पान वाढून झाल्यावर मारावी तशी त्यांनी त्याला नावाने खणखणीत हाक मारली, "अरे, ये की आता!"

आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.