न्हाणीतलं शिळं पाणी

मला किळस फार लवकर येते. दुधावर साय धरली की येते, बसचा दांडा ओला लागला की येते, दुसऱ्याच्या कंगव्यात केस दिसला तर जेवणावरची वासना उडते. हा दोष मी बरीच वर्षं ‘स्वच्छतेची आवड’ म्हणून खपवला. लग्नाच्या वेळी पाठवलेल्या माहितीपत्रकात छंद म्हणून तसं लिहिलंही होतं. बायकोनं तो कागद अजून जपून ठेवलाय. प्रेमापोटी नव्हे, भांडणात पुरावा लागतो म्हणून.

त्यातही शिळ्या पाण्याचं मला विशेष वावडं. पुण्याच्या आमच्या घरी सकाळी नळ आला की रात्रीचं पाणी झाडांना घालायचं, भांडी घासायची आणि ताजं भरायचं. नव्वदीच्या अखेरीस नोकरीपायी दिल्लीकडे आलो, नोएडात तळमजल्यावर फ्लॅट घेतला, तरी ही सवय सुटली नाही. तिथं बोअरचं खारं पाणी गच्चीवरच्या टाकीत दोन-दोन दिवस उभं असे. तरीही मी रोज सकाळी माठ ओतून पुन्हा भरायचो. बायको जन्मानं दिल्लीची. ती चहा पीत शांतपणे बघायची.

“टाकीतलं दोन दिवसांचं पाणी तू ओततोस, आणि त्याच टाकीतलं दोन दिवसांचं पाणी परत भरतोस. बिल्कुल ताजं.”

मी माठ भरत राही. तत्त्वाच्या गोष्टीत वाद घालू नये.

माझे सासरे पहाडगंजात दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची सगळी नोकरी सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. निवृत्तीनंतरही सकाळचा पेपर ते पेन्सिल घेऊनच वाचत आणि चुकांवर गोल करत. त्या जिन्यावर ते एकदा घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, काठी घेऊन चालता यायला लागलं, पण जिना कायमचा बंद झाला. बायको म्हणाली, “बाबा, आता आमच्याकडेच या.” लेकीच्या घरी राहायचं हेच त्यांना जड जात होतं. दोन दिवस विचार करून त्यांनी अट घातली.

“येतो. पण आंघोळ माझी मी करणार. कुणाचा हात लागता कामा नये. जमत नसेल तर मी इथंच बरा.”

इस्पितळात एका माणसानं महिनाभर ओल्या फडक्यानं त्यांचं अंग पुसलं होतं. ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. “जावईबापू,” ते मला म्हणाले, “दुसऱ्यानं आंघोळ घालायची वेळ माणसावर एकदाच येते. तेव्हा पाणी गार आहे की गरम ते आपल्याला कळत नाही. तोवर माझं मला बघू द्या.”

म्हणजे ते येणार की नाही हे आमच्या बाथरूमवर ठरणार होतं. आणि ती जबाबदारी मी घेतली. ‘मी बघतो’ या माझ्या दोन शब्दांनी आमच्या घराचं जितकं नुकसान झालंय तितकं वाळवीनंसुद्धा केलेलं नाही.

त्याच्या महिनाभर आधी ऑफिसनं आम्हाला तीन दिवस गुडगावच्या एका नव्याकोऱ्या हॉटेलात ट्रेनिंगला पाठवलं होतं. ट्रेनिंगमधलं एक अक्षर आठवत नाही. तिथलं बाथरूम मात्र इंचाइंचानं आठवतं. हॉटेलच्याच कागदांवर मी त्याचं चित्र काढून आणलं होतं. काचेची अर्धी भिंत, परातीएवढा शॉवर, भिंतीत कोरलेला साबणाचा कोनाडा, हस्तिदंती रंगाच्या टाइल्स, आणि कुठंही उंबरा नाही. उंबरा नसणं म्हाताऱ्या माणसाला सोयीचं, असं मी बायकोला पटवलं. ते खरंही होतं. एका खऱ्या गोष्टीच्या आडून मी बाकी सगळी हौस आत घुसवली. तिनं फक्त दोन गोष्टी वाढवल्या, धरायला भिंतीत दांडा आणि स्टुलावर बसून हाताशी येईल असा खालचा नळ. माझ्या चित्रात त्या बसत नव्हत्या, तरी मी मोठ्या मनानं परवानगी दिली.

मिस्त्री आला. बारीक अंगाचा, कानावर पेन्सिल, कमी बोलणारा. दोन दिवसांत त्यानं जुनी फरशी उखडली, कोपऱ्यातली जाळी काढली आणि मला नको ते दिसलं. जाळीखाली वाटीसारखा एक खोलगट भाग होता आणि त्यात पाणी साचून होतं. काळं, साबणाच्या सायीचं, आणि त्यात केसांचा एक पुंजका बुडालेला, मेलेल्या उंदरासारखा. मी दोन पावलं मागं सरलो. इतकी वर्षं मी रोज माठ ओतत होतो, आणि माझ्या पायाखाली हे.

“ये क्या है?”

“नहानी ट्रैप है साब.”

नहानी म्हणजे आपली न्हाणीच. आम्ही मराठी लोक बाथरूम म्हणायला लागलो आणि हा शब्द दिल्लीच्या मिस्त्रीनं सांभाळला. एरवी मी यावर भावुक झालो असतो. त्या दिवशी नाही.

“इसमें पानी खड़ा है.”

“खड़ा ही रहना चाहिए साब. ये पानी ही तो ढक्कन है.”

“सड़ा हुआ पानी ढक्कन कैसे होगा? निकालो ये. सीधा पाइप डालो. पानी गिरा और गया, बस.”

“बदबू आएगी साब.”

“बदबू इसी पानी की आती है.”

त्यानं कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत लावली. “आप पढ़े-लिखे हो,” तो म्हणाला. मी हे कौतुक समजलो.

शनिवारी काम संपलं, सोमवारी बाबा आले. काठी टेकत बाथरूमच्या दारात उभे राहिले. सगळीकडे नजर फिरवली, दांडा हलवून पाहिला, स्टुलावर बसून नळापर्यंत हात नेला.

“अच्छा,” म्हणाले. “आणि हे वर काय आहे?”

“शॉवर. पावसासारखा पडतो.”

“डोक्यावर?”

“हो.”

“मग छत्री कुठं ठेवलीत?”

त्यांनी तो शॉवर कधीच सुरू केला नाही. बादली, तांब्या, स्टूल. पण आंघोळ त्यांची त्यांनी केली, आतून कडी लावून. बायको बाहेर कान लावून उभी होती. तांब्याचा आवाज थांबला, कडी निघाली आणि बाबा कोरडे होऊन, भांग पाडून बाहेर आले तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. मीही छाती फुगवून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून वास यायला लागला.

आधी मी म्हटलं, नव्या सिमेंटचा आहे. मग म्हटलं, टाइल्सच्या सांध्यात भरतात त्या पावडरीचा. पण सिमेंटला असा वास येत नाही. हा ओला, जुना, गोडसर वास होता. कुजलेला कोबी, गंजलेली नाणी आणि बंद डब्यात विसरलेलं सँडविच यांच्या मधला कुठला तरी. सकाळी दात घासताना तो पेस्टमध्ये उतरायचा. मी एक्झॉस्ट पंखा लावला, दार घट्ट बंद केलं आणि तो दिवसभर चालू ठेवला. वास दुप्पट झाला. दोन झुरळं टाइल्सवर निवांत उभी राहून मिशा हलवत होती, घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकांसारखी.

आता इथून पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण त्यासाठीच हे लिहायला बसलोय. मी हिशेब केला. बाथरूम नवीन. टाइल्स नवीन. पाणी साचत नाही. मग घरात नवीन काय आलंय? बाबा.

एकदा असं वाटलं की नाक त्याच वाटेनं चालतं. ते सोफ्यावर बसून उठले की मला तिथं वास यायचा. त्यांचा टॉवेल मी दोन बोटांनी उचलायचो. जेवताना त्यांच्या शेजारची खुर्ची टाळायचो. बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून मी भेट दिली. एक औषधी साबण, एक टाल्कम पावडर आणि कोलनची बाटली, रंगीत कागदात गुंडाळून.

“कशाबद्दल?” त्यांनी विचारलं.

“सहजच. उन्हाळा आहे ना.”

त्यांनी तिन्ही वस्तूंची लेबलं सवयीनं नीट वाचली. माझ्याकडे पाहिलं. आणि “बरं,” म्हणाले.

त्या दिवसापासून ते दिवसातून दोनदा आंघोळ करायला लागले. मग तीनदा. दुपारी भर उन्हात आतून तांब्याचा आवाज यायचा. हातांची कातडी कोरडी पडून पांढरी दिसायला लागली. मी मनात म्हटलं, म्हातारपणाचा चाळा. बायकोनं विचारलं तर म्हणाले, “तुमचं बाथरूम चांगलं आहे, वसूल करतोय.” पेपरवर मात्र त्यांनी पेन्सिल फिरवणं सोडलं होतं. ते मी पाहिलं, आणि सोडून दिलं.

तिसऱ्या आठवड्यात ते लेकीला म्हणाले, “मला परत सोड. दोन माणसं खुर्चीत बसवून वर चढवतील.” तिनं कारण विचारलं, ते सांगेनात. शनिवारी आम्ही त्यांना पहाडगंजला पोचवलं. दोन हमालांनी त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून वर नेलं. ज्या माणसाला कुणाचा हात लागायला नको होता तो खुर्चीचे दांडे धरून, डोळे मिटून बसला होता. घरी येताना बायको गाडीत एक शब्द बोलली नाही. मी काच खाली करून मोकळा श्वास घेतला. इतका मी हलकट होतो.

रविवारी वास तसाच. सोमवारी जास्त. मंगळवारी घरात शिरल्याबरोबर तो अंगावर धावून आला. आरोपी बारा-तेरा मैलांवर होता आणि गुन्हा चालूच होता.

मी बाथरूमच्या मधोमध उभा राहिलो, मग खाली बसलो, मग जाळीवर नाक नेलं. आणि तिथंच ओकलो. माझ्या हस्तिदंती टाइल्सवर.

मिस्त्रीला बोलावलं. तो दारातच थांबला, एकदा वास घेतला, एकदा गरगरणाऱ्या पंख्याकडे बघितलं.

“साब, ऊपर तीन मंज़िल का पाइप यहीं से जाता है. बीच में पानी था, तो हवा रुकती थी. आपने पानी हटा दिया. फिर पंखा लगाकर सबकी हवा अपने घर में खींच रहे हो.”

म्हणजे तीन आठवडे मी वरच्या तिन्ही बिऱ्हाडांचं गटार खोलीत ओढून घेत होतो, आणि त्याचं बिल एका म्हाताऱ्याच्या अंगावर फाडलं होतं.

टाइल्स फुटल्या. पाइप कापायच्या आधी त्याचं तोंड मोकळं करायला हवं होतं. मिस्त्री हात घालायला वाकला तेव्हा मी म्हटलं, थांबा, मी घालतो. हे शौर्य नव्हतं. कुणीतरी मला शिक्षा द्यायला हवी होती आणि बायको अजून बोलत नव्हती. कोपरापर्यंत हात गेला. बोटांना गिळगिळीत, थंड, मऊ असं काहीतरी लागलं आणि ते ओढलं की लांबत जायचं. केस, साबणाचा चिकटा, मिस्त्रीचंच राहिलेलं सिमेंट. त्या गोळ्याला वर गटाराचा आणि खाली औषधी साबणाचा वास येत होता, मी भेट दिलेल्या. नंतर चार दिवस मी उजव्या हातानं जेवलो नाही.

नवी वाटी बसली. मिस्त्रीनं तीत मगभर पाणी ओतलं. पाच मिनिटांत वास तुटला.

संध्याकाळी मी एकटाच पहाडगंजला गेलो. बाबा खिडकीशी बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, उंदरासारख्या पुंजक्यापासून ते ओकण्यापर्यंत.

“पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं, मोरीचा वास आहे,” ते म्हणाले. “म्हटलं, नवं काम आहे, जावयाची हौस आहे, कशाला बोला. मग तुम्ही साबण दिलात. तेव्हा वाटलं, वास माझाच असेल. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचा वास येत नाही म्हणतात.”

“बाबा, माझं चुकलं.”

“ते दिसतंच आहे.” मग माझ्या हाताकडे बघून, “हातानं काढलंत?”

“हो.”

“कोपरापर्यंत?”

मी बाही वर केली. त्यांनी खरंच वाकून वास घेतला. “अजून येतोय,” म्हणाले. “ते कोलन उरलंय, लावा.” आणि काठीकडे हात केला. “चला. पण त्या खुर्चीतून नको. एकेक पायरी बसत उतरतो. तुम्ही पुढं राहा. पडलो तर तुमच्यावर पडेन.”

सव्वीस पायऱ्या उतरायला पाऊण तास लागला.

ते आमच्याकडे चार वर्षं राहिले आणि रोज एकदाच आंघोळ केली, आतून कडी लावून. खाऱ्या पाण्यानं शॉवरची भोकं वर्षभरातच बुजली, काचेवर पांढरे डाग पडले ते कशानंही गेले नाहीत. माझ्या कल्पनांपैकी उंबरा नसणं तेवढं टिकलं, आणि बायकोचा दांडा. दुसऱ्यानं आंघोळ घालायची ती एकदाच येणारी वेळ आली तेव्हा पाणी मी कोमट करून घेतलं. त्याची गरज नाही हे त्यांनीच सांगून ठेवलं होतं.

आता ते बाथरूम कुणी वापरत नाही, आम्हा दोघांना आतलं दुसरं पुरतं. मे महिन्यात लूची गरम झळ सुटली की न वापरलेल्या न्हाणीच्या वाटीतलं पाणी आटतं आणि तोच वास परत घरात येतो, कोबी, नाणी, सँडविच. मला तो शेजारच्या खोलीतही ओळखू येतो. मग मी उठतो, माठातलं रात्रीचं पाणी तांब्यात घेतो आणि जाळीवर ओततो.