कड्यासमोरची जंगी

आमच्या हिला सगळे ‘बाई’ म्हणतात. मीही म्हणतो; नवऱ्यासाठी वेगळी हाक तिने शिल्लक ठेवलेली नाही. दर शनिवारी शाळेची पोरं घेऊन किल्ल्यावर जायचं, त्यांच्याकडून चित्रं, मातीचे बुरूज, काहीबाही करून घ्यायचं आणि संध्याकाळी घरी येऊन खुर्चीत अंग टाकायचं, हा तिचा उद्योग. किल्ल्याच्या कचेरीतली नोकरी तिची, पण राबतो मी. माझा धंदा पुस्तकबांधणीचा, त्यामुळे कागदाच्या पट्ट्या कापणं आणि चिकटवायला खळ शिजवणं आपसूक माझ्या गळ्यात पडलं. घरात पुठ्ठ्याचे बुरूज इतके, की पाहुणा आला की आधी खुर्चीवरचा बुरूज उचलायचा, मग त्याला बसवायचं. या वयात मला त्याचा मनापासून कंटाळा आलाय.

तरी तिचा पट्ट्यांचा खेळ मला आवडतो, खोटं कशाला बोलू. किल्ल्याच्या वरच्या बुरुजाला गोल तट आहे आणि तटात जंग्या आहेत, म्हणजे पूर्वी बाण मारायला ठेवलेल्या उभ्या, अरुंद फटी. एका जंगीतून बाहेरचा जेमतेम एक तुकडा दिसतो. कुणाला नदीचं वळण आणि पूल, कुणाला दगडाची खाण, कुणाला शेतं, कुणाला आपल्याच शाळेचं छप्पर. प्रत्येक पोराने दिसेल तेवढंच आपल्या पट्टीवर काढायचं. मग पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या की आख्खा मुलूख एका कागदावर येतो. शेजाऱ्याची रेघ आपल्या रेघेला का जुळत नाही यावरून पोरं भांडतात, आणि भांडता भांडता पुन्हा जाऊन नीट बघून येतात. बाईला हेच हवं असतं.

फक्त एक जंगी करंटी आहे. ती डोंगराच्या अंगाला आहे आणि तिच्या तोंडासमोरच कडा. तपकिरी दगड, दोन भेगा, एक झुडूप, संपलं. तिथे बसायला कुणी तयार नसायचं. आमची लेक तेव्हा लहान होती. शनिवारी मी दुकानात, घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून ती आईच्या मागोमाग किल्ल्यावर जायची. बाईने ती जंगी लेकीला देऊन टाकली. घरच्या पोरीला चांगली जागा दिली तर लोक नावं ठेवतील, हा तिचा हिशोब.

मी एकदा म्हटलं, “अगं, तिला कधीतरी नदी काढू दे की.”

“आणि कड्यासमोर कुणाच्या लेकराला बसवू? त्यांच्या आईबापांना काय तोंड दाखवू?”

लेक मोठी होईपर्यंत कडाच काढत राहिली. कधी तक्रार नाही, रुसवा नाही. इतका हुबेहूब काढायची की बघणाऱ्याला वाटावं, पोरगी हौसेने बसते तिथे. पुढे शिकायला बाहेर गेली, तिकडेच नोकरी, तिकडेच संसार. फोन येतो, पण मला. आईची चौकशी माझ्याकडेच करते आणि ठेवून देते. बाई शेजारच्या खोलीत कान देऊन बसलेली असते, हे मला माहीत असतं.

आता बाईच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय. चढताना दर वळणावर ती थांबून पोरांना काहीतरी दाखवते. दाखवण्यासारखं तिथे काही नसतं, तिला दम खायचा असतो. किल्ल्याच्या कचेरीने तिच्या जागी नवीन मुलगी नेमली. शेवटचा शनिवार जवळ आला तेव्हा बाई मला म्हणाली, “लेकीला बोलवा. तुमचं ऐकेल ती. मला तिला एकदा नदीच्या जंगीत बसवायचंय.”

इतकी वर्षं मनात धरून होती म्हणजे. मला रागही आला आणि तिची कीवही आली.

फोनवर मी लेकीला आईचं म्हणणं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, मी आता कुठली चित्रं काढते?”

“नको काढूस. नुसती ये.”

ती आली. त्या दिवशी खळीचा डबा घेऊन मीही वर गेलो. नदीच्या जंगीपाशी एका टग्याने आधीच बूड टेकलं होतं. बाईने त्याला दंडाला धरून उठवलं आणि खाणीकडे पाठवलं. तो कुरकुरला, “त्या तर मोठ्या आहेत. त्या कशाला?”

“ती माझी मुलगी आहे,” बाई म्हणाली. किल्ल्यावर हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

लेक नदीच्या जंगीत बसली. कड्यासमोर कुणी उरलं नव्हतं, तिथे बाई स्वतः बसली, पाय लांब करून. थोड्या वेळाने मी पाणी घेऊन गेलो तर तिची पट्टी कोरीच. हात काखेत घालून बसली होती. “इथे ऊनच येत नाही हो,” ती म्हणाली. “दगड किती गार आहे. मला कधी कळलंच नाही.” मी तिला धरून उठवलं.

पट्ट्या जमिनीवर मांडल्या. शाळा आली, शेतं आली, खाण आली. लेकीने आपली पट्टी आईच्या हातात दिली. तपकिरी दगड, दोन भेगा, एक झुडूप.

“नदी बघितली आई,” ती म्हणाली. “खूप छान आहे. पण हात हेच काढत राहिला. मी काय करू?” आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर बरं झालं असतं, बाईला उत्तर देता आलं असतं.

बाईने बोटावर खळ घेतली, पट्टीच्या मागे शेवटपर्यंत नीट लावली आणि नदीच्या जागी ती दाबून चिकटवली. तिचा हात बराच वेळ त्या पट्टीवरून निघाला नाही.

नवीन मुलगी वाकून बघत होती. बिचारीला काय माहीत. तिने विचारलं, “बाई, यात नदी राहिली का?”

“हो,” बाई म्हणाली. “राहूनच गेली.”