खेकड्याच्या पुस्तकाचे चौदा वाटे

करंजाड्यात कुमुद ज्या इमारतीत राहते, तिथल्या बायकांना एक कोडं अजून सुटलेलं नाही. नवऱ्याचा विटा-रेतीचा धंदा जोरात, घरात दोन गाड्या, सून पनवेलला बँकेत. मग ही बाई रोज सकाळी स्कूटीच्या डिकीत खडू, गोंद आणि रंगांच्या बाटल्या कोंबून कर्नाळ्याच्या पायथ्याशी कातकरी वाडीवर बालवाडी शिकवायला कशाला पळते? एका संस्थेची बालवाडी ती. पत्र्याची एक खोली, एक फळा, एक चूल. मानधन विचारलं तर कुमुद हसते, यावरून काय ते समजावं. नवरा महादेव भला माणूस, पण टोमणा मारायची संधी तोही सोडत नाही. "बावीस वर्षं झाली," तो जेवताना म्हणतो, "आता तरी तुला पहिलीत घालतील."

कुमुद उत्तर देत नाही, कारण उत्तर लांबलचक आहे आणि तोवर भाकरी गार होते.

ते उत्तर द्रोणागिरीजवळच्या एका खेड्यात आहे. आज तिथे गोदामं आणि कंटेनर दिसतात. कुमुदच्या लहानपणी मिठागरं होती. थंडी सरली की तिचं सगळं घर बिऱ्हाड घेऊन मिठागरावर राहायला जायचं, ते पार पावसाच्या तोंडावर परतायचं. दुसरीत असताना ती अशीच जूनमध्ये शाळेत आली. गुरुजींनी हजेरी सुरू केली. आपलं नाव कधी येतंय म्हणून ही पोर पाठ ताठ करून, "हजर" ओठांवर घेऊन बसली. नाव आलंच नाही. दुपारी तिनं हळूच वहीत डोकावून पाहिलं, तर नावावर तांबड्या शाईची रेघ. गुरुजी काही दुष्ट नव्हते. इतके महिने गैरहजर म्हटल्यावर नाव कमी करायचं, हा नियम. पण त्या दिवशी सात वर्षांच्या मुलीला आपण मेलोबिलो की काय असं वाटलं होतं, आणि ते वाटणं पन्नाशी उलटली तरी पुरतं गेलेलं नाही.

वाडीतली पोरंही अशीच जातात. दिवाळी झाली की मुकादमाचा टेम्पो येतो आणि घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर निघतात. जूनमध्ये परततात तेव्हा पोरं 'क' विसरलेली, गाणी विसरलेली, कधीकधी कुमुदलाही विसरलेली असतात. दर वर्षी पहिल्यापासून सगळं. संस्थेचा नियमही तोच, सलग तीन महिने गैरहजर तर नाव कमी. बावीस वर्षांत कुमुदनं स्वतःच्या हातानं किती रेघा मारल्या असतील, ते ती मोजत नाही.

गेल्या वर्षी तिनं ठरवलं, पोरांना विसरता येणार नाही असं पुस्तक करायचं. संस्थेनं पाठवलेलं अक्षरांचं पुस्तक होतं, पण त्यातल्या जिराफाकडे पाहून पोरं जांभया द्यायची. म्हणून तिनं जुन्या कॅलेंडरांची पानं जमवली आणि पाठच्या कोऱ्या बाजूला रंगवायला बसली. एका पानावर एक अक्षर, एक जनावर, आणि सगळ्या पानांतून मिळून एकच गोष्ट. ओढ्यातलं खेकड्याचं पिल्लू कासवाच्या पाठीवर डुलकी काढतं, जागं होतं तेव्हा ओढा मागे राहिलेला. तिथून एकेक जनावर त्याला पुढे नेतं, घोरपड कड्यावर चढवते, पिल्लू कर्नाळ्याच्या सुळक्यापर्यंत पोचतं आणि शेवटच्या पानावर होला पक्षी त्याला आईपाशी आणून सोडतो. ज्या अक्षरांना जनावर मिळालं नाही त्यांना तिनं सरळ रजा दिली. सव्वीस पानं झाली. 'ढ' पाशी ती चांगलीच अडली होती, शेवटी ढेकणालाही गोष्टीत घेतलं.

जूनमध्ये पोरं परतल्यावर पहिल्या वाचनात फजिती झाली. खेकडा समोर तोंड करून सरळ चालतोय हे पाहून तेराच्या तेरा पोरं लोळून हसली. बालवाडीची मदतनीस साळू चुलीपाशी खिचडी ढवळत होती, ती पळी घेऊनच आली.

"बाई, खेकडा आडवा चालतंय. आनि ही घोरपड तुमी राक्षसावानी काय काढली? ती कुनाच्या अध्यात ना मध्यात."

कुमुदला राग आला आणि लाजही वाटली. आयुष्यभर चिंबोऱ्यांचं कालवण खाल्लं, पण चिंबोरी चालते कशी हे बघायचं राहून गेलं होतं. त्यात शेवटच्या पानावर, आईनं पिल्लाला कुशीत घेतल्यावर, संजना नावाची चार वर्षांची चिमुरडी अगदी गंभीरपणे विचारती झाली, "मंग शिजवला का नाय?"

त्यानंतर पुस्तक दोघींचं झालं. साळूला अक्षर ओळखता येत नाही, पण रान पाठ आहे. भेकर हरीण कुठे उभं राहतं, साळिंदर चिडलं की काटे कसे वाजवतं, टिटवी कशी फसवून लांब नेते, हे ती सांगायची आणि कुमुद पुसून पुन्हा काढायची. सुरुवातीपासून धरून आठ महिने लागले. पानांना प्लॅस्टिक लावलं, जाड पुठ्ठे घातले, आणि साळूनं गोधडीच्या दोऱ्यानं पुस्तक असं शिवलं की ओढलं तरी तुटू नये. प्रत एकच. पण ऑक्टोबरपर्यंत पोरं पान उघडायच्या आधीच ओरडायला लागली होती. संजनाचा जीव भेकराच्या पानावर. सुळक्यावर अडकलेलं पिल्लू भेकराच्या पाठीवर बसून रानातून खाली सुसाट सुटतं, ते पान. ते आलं की ती उभीच राहायची.

तुळशीचं लग्न झालं आणि कुमुदच्या माहेरी भाचीची हळद निघाली. आगऱ्यांची हळद म्हणजे दोन दिवस डीजे, आणि कानांची सुट्टी. त्याच गडबडीत वाडीवरून साळूचा फोन आला. टेम्पो दोन दिवस आधीच येणार होता. सगळेच निघणार होते, साळूही मुलाबरोबर. कुमुद मांडवाबाहेर, शेताच्या बांधापर्यंत चालत गेली, म्हणजे नीट बोलता यावं.

"साळूबाय, पुस्तक कपाटात ठेवू नको. पोरांना देऊन टाक."

"सगल्यांना?"

"हो, सगळ्यांनाच. तिकडे बघत राहतील."

"बरं बाई."

कुमुदच्या मनात होतं की भट्टीवर संध्याकाळी साळू पुस्तक उघडेल आणि पोरं भोवती बसतील. एवढं उघड आहे, ते बोलून दाखवायला कशाला हवं, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती वाडीवर गेली. घरांच्या दारांना काट्या लावलेल्या, कोंबड्यासुद्धा सोबत गेलेल्या. बालवाडीच्या खुंटीला प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली होती. आत पुस्तकाचे दोन पुठ्ठे आणि नीट गुंडाळलेला दोरा. पान एकही नाही.

पाण्याला आलेल्या शेजारच्या वाडीतल्या म्हातारीनं सांगितलं ते असं. साळूनं कोयतीच्या टोकानं टाके उसवले, अंगणात सारवलेल्या जागी तेरा ढीग मांडले, आणि दर ढिगात एक रंगीत पान, एक फिकं पान असा हिशेब नीट जमवून पोरांना वाटे दिले. वाडीत ओढ्यावरून खेकडे आणले, पोळं काढलं, की असेच वाटे पडतात. लहानाला तेवढाच, मोठ्याला तेवढाच. आणि जो हजर नसतो त्याचा वाटा झाकून ठेवतात.

"ह्यो तुजा," म्हातारी पिशवीकडे बोट दाखवून म्हणाली.

कुमुद उंबऱ्यावर बसून रडली. राग साळूचा आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. बावीस वर्षं ज्या वाडीत चहा प्यालो, त्या वाडीत 'सगळ्यांना द्या' याचा अर्थ काय होतो, हे आपल्याला ठाऊक नसावं? पण खरं सांगायचं तर दुःख पुस्तकाचंच होतं. आठ महिन्यांचं काम तेरा पोरांच्या हातांत सव्वीस ठिकाणी चुरगळणार, आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून.

रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. महादेवनं या खेपेला टोमणा मारला नाही. तो म्हणाला, "कुठल्या भट्ट्यांवर गेलेत, मी काढतो शोधून."

"तुला कसं कळणार?"

"माल तिथूनच तर येतो आपला."

हे कुमुदला माहीत नव्हतं असं नाही. विटा काही झाडाला लागत नाहीत. पण ज्या विटांवर हे घर उभं आहे, त्या विटा आणि तिची पोरं एकाच ठिकाणी असतात, हे इतक्या उघडपणे दोघांच्या ताटांमध्ये कधी आलं नव्हतं. त्या रविवारी महादेवनं स्वतः गाडी काढली.

पहिली भट्टी तळोज्याच्या पलीकडे. विटांच्या रांगांमध्ये शांती दिसली, वाडीतली सहा वर्षांची. तिच्या वाट्याला 'घ' आणि 'ट' आले होते. घोरपडीचं पान दुमडून चौथाई झालेलं, त्यावर चिखलाची बोटं. पण तिच्यासमोर सातआठ अनोळखी पोरं बसली होती, दुसऱ्या कुठल्या तरी वाडीवरची, आणि शांती पान वर धरून अगदी कुमुदच्या आवाजात विचारत होती, "मागं काय झालं हुतं? आनि म्होरं काय हुनार?" मागचं-पुढचं पान तिच्याजवळ नव्हतंच. ते तिनं तोंडानं सांगितलं, काडीनं मातीत अक्षरं काढून. 'ग' थोडा वाकडा होता. कुमुदनं तो सुधारला नाही.

साळू त्याच भट्टीवर होती. डोक्यावरच्या विटा उतरवून ती आली आणि कुमुदचा चेहरा बघून घाबरली.

"चुकलं का वं बाई? तुमी बोल्ल्या सगल्यांना द्या."

"नाही साळूबाय," कुमुद म्हणाली. "बरोबर वाटलंस."

मग दर रविवारी एकेक भट्टी. मेपर्यंत बारा पोरं सापडली. तेरावी, संजना, कुठेच नव्हती. तिच्या आईबापांना मुकादमानं मधूनच दुसरीकडे नेलं होतं. कुणी म्हणालं कर्नाटकात, कोळशाच्या भट्टीवर. महादेवनं पंधरावीस फोन केले, पण पत्ता लागला नाही.

जून आला, बालवाडीचं दार उघडलं. पोरं एकेक करून येऊ लागली, आणि काय काय घेऊन आली! कुणाचं पान भाताच्या कणांनी चिकटवलेलं, कुणाच्या साळिंदराला कोळशानं जादा काटे काढलेले. ढेकणाचं पान उंदरानं कुरतडलं होतं, त्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. साळूनं ती जमिनीवर क्रमानं मांडली. चोवीस. मधे दोन ठिकाणी सारवलेली जमीन दिसत होती. पहिली जागा गोगलगायीची. दुसरी भेकराची.

पोरं त्या दुसऱ्या जागेकडे बघत उभी राहिली. खेकड्याचं पिल्लू 'ब' च्या पानावर सुळक्याच्या टोकाला बसलेलं होतं आणि खाली यायला वाटच नव्हती.

कुमुदनं डिकीतून कॅलेंडरचं पाठकोरं पान आणि रंग काढले. "रडू नका. आत्ता काढते नवं भेकर."

"नको," शांती म्हणाली.

"का गं?"

"त्यो संजीचा वाटा हाय."

कुमुदनं साळूकडे पाहिलं. साळू सुईत दोरा ओवत होती. "बरुबर बोलतंय पोर," ती मान वर न करता म्हणाली. "वाटा दिल्यावर दुसऱ्यानं भरायचा नसतंय, बाई. झाकून ठेवायचा."

आणि तिनं दोन्ही जागी आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घालून पुस्तक शिवलं, म्हणजे पुढे पानं आली की तिथे टाचता यावीत. कुमुदनं पिशवीतून आपले पुठ्ठे काढून दिले. सात महिने ते करंजाड्याच्या घरात तिच्या उशाशी होते.

मग वाचन झालं. सुळक्यापाशी आल्यावर कुमुदनं रिकामी पट्टी उलटली आणि ती गप्प बसली. पोरं थांबली नाहीत. बाराच्या बारा जणांनी भेकर सांगितलं, कान कसे टवकारले, उडी कशी मारली, पिल्लानं नांगीनं केस कसे धरले. आणि शांतीनं फळ्यावर जाऊन 'भ' काढला. या वर्षी कुणीही काही विसरलेलं नव्हतं. कुमुदला पुढचं पान थोडं धूसर दिसलं, पण ते तिला पाठ होतं.

शेवटी हजेरी. वही उघडली तर सगळ्यांच्याच नावांसमोर सात महिन्यांचे रिकामे चौकोन, रेघा मारायच्या राहिलेल्या; पण बाकीचे बारा आज समोर होते, संजना नव्हती. संस्थेचा माणूस महिनाअखेरीस येणार, वही तपासणार. तांबडं पेन टेबलावर होतं. कुमुदनं ते उचललं आणि खाली, रंगांच्या डब्यात टाकून दिलं.

एकेक नाव घेतलं, एकेक "हजर" आलं. मग तिनं नेहमीच्याच आवाजात नाव घेतलं, "संजना."

सगळी पोरं एकदम ओरडली, "येतंय, बाई!"

कुमुदनं चौकोन रिकामा ठेवला आणि पुढचं नाव वाचलं.