सासूबाई सावकाश येत आहेत

आमच्या घरातला कॉम्प्युटर विजेवर चालतो असा लोकांचा समज आहे. वस्तुतः तो तत्त्वावर चालतो.

ते तत्त्व म्हणजे लिनक्स. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेली, कोणाच्याही मालकीची नसलेली आणि ज्याला हवी त्याने घ्यावी अशी ही संगणकप्रणाली. (मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. सगळ्यांसाठी ठेवलेल्या आणि तरीही कोणी हात न लावलेल्या वस्तूंबद्दल मला जिव्हाळा आहे.) माझी बायको सुनंदा म्हणते, "फुकट मिळालं म्हणून घेतलंत." मी म्हणतो, "फुकट नव्हे, मुक्त." त्यावर ती विचारते, "चहा टाकू का?" आमच्याकडच्या तात्त्विक चर्चा साधारण इथे संपतात.

तर माझे सासरे, अण्णा, आमच्या भिवंडीजवळ पडघ्याला असतात. त्यांची पंच्याहत्तरी साजरी करायचं माझा मेहुणा जगदीश याने ठरवलं. हायवेला लागून जगदीशची गोडाऊनं आहेत, आणि गोडाऊनवाल्या माणसाला कुठलीच गोष्ट लहान जागेत मावत नाही. मांडव, ढोलताशे, अण्णांना बसवायला फुलांचा रथ, डोक्यावरून घोंघावणारा कॅमेरा, आणि स्टेजमागे क्रिकेटच्या मैदानात असतो तसला भलामोठा पडदा. अण्णांना यातलं काहीच नको होतं. ते म्हणाले, "रथात मी बसनार न्हाय. एक करा, त्या पडद्यावर तुमची आई दाखवा."

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. फोटो आहेत, पण हलत्याबोलत्या अशा त्या एकाच ठिकाणी शिल्लक आहेत: आमच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये. माझ्या मुंडावळ्या चष्म्यात अडकतात, मी आंतरपाटासमोर आंधळ्यासारखा चाचपडतो, आणि सासूबाई तोंडाला पदर लावून हसतात. एवढंच. ती कॅसेट मी मागेच कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली होती. एकच अखंड, अगडबंब फाईल. दुकानदार म्हणाला होता, "सर, कॉम्प्रेस करून देतो, छोटीशी होईल." मी म्हणालो होतो, "आठवणी पिळून ठेवायच्या नसतात." अशी वाक्यं मला ऐन वेळी सुचतात आणि सावकाश महागात पडतात.

"हार्ड डिस्कवर टाकून पडदावाल्याला द्यायची, बस," जगदीश फोनवर म्हणाला. "जमल ना भावजी? न्हाय तर माझा मानूस पाठवतो."

सुनंदाने माझ्या हातातून फोन घेतला. "माणूसबिणूस काही नको, दादा. ह्यांना येतं सगळं. आईला मी घेऊन येते."

तो शुक्रवार होता. खात्री करावी म्हणून मी दुसरीच एक मोठी फाईल हार्ड डिस्कवर टाकून पाहिली. लोण्यात सुरी जावी तशी गेली. "तासाभराचं काम," मी जाहीर केलं. कार्यक्रम पुढच्या गुरुवारी होता. म्हणजे घाई नव्हती.

सोमवारी सकाळी सासूबाईंना कॉपीला लावलं आणि अंघोळीला गेलो. येऊन पाहतो तर पडद्यावर लिहिलेलं: उरलेला वेळ, तीन दिवस.

"आई कुठवर आली?" सुनंदाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"निघाल्यात," मी म्हणालो.

इथे आमच्या बाहेरच्या खोलीचा भूगोल सांगायला हवा. आमच्या घराची एक भिंत आणि पलीकडच्या यंत्रमाग कारखान्याची एक भिंत ही एकच भिंत आहे. (भिवंडीत याला शेजार म्हणतात.) कॉम्प्युटरचं टेबल त्याच भिंतीला लागून. पूर्वी ते सारखं थडथडायचं, पेनं गडगडत खाली जायची. म्हणून मी लांबलचक स्क्रू मारून ते टेबल भिंतीलाच जखडून टाकलं. खडखडाट थांबला, आणि सुतारकामातलं आपल्याला कळतं असं मला वाटू लागलं.

लिनक्सवाल्याला अडचण आली की तो दुकानात जात नाही, फोरमवर जातो. फोरम म्हणजे इंटरनेटवरचा पार; तिथे जगभरातले जाणकार बसलेले असतात. मी माझी व्यथा मांडली. एकाने सांगितलं, केबल बदला. बदलली. दुसरा म्हणाला, मागच्या खोबणीत लावा. लावली. तिसऱ्याने काळ्या पडद्यावर टाईप करायला अर्धं पान मजकूर दिला, तो मी श्रद्धेने टाईप केला, आणि कॉम्प्युटरचा आवाज गेला. (वेग तसाच राहिला.) चौथा म्हणाला, तुमच्या डिस्कची मांडणीच चुकीची आहे. पाचवा त्याला म्हणाला, तुझी चूक आहे. मग ते दोघं आपापसात इतके पेटले की माझा प्रश्न त्यांच्या पायाखाली कुठे गेला तेही दिसेना.

एका सज्जनाने मात्र शांतपणे विचारलं, "डिस्क ठेवली आहे तिथे काही हादरे वगैरे बसतात का?"

मी लिहिलं, "अजिबात नाही. शांत, निवासी भाग. टेबल तर भिंतीला स्क्रूने घट्ट बसवलं आहे."

यात खोटं काही लिहितोय असं मला मुळीच वाटलं नाही. पलीकडचे माग माझ्या जन्माआधीपासून चालू आहेत. त्या खटखटीला आम्ही आवाज म्हणत नाही. आम्ही तिच्या वरताण एकमेकांशी ओरडून बोलतो आणि त्याला कुजबुज म्हणतो.

प्रत्येक उपाय करायचा म्हणजे चालू कॉपी थांबवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. त्यामुळे सासूबाई दिवसभर निघत होत्या आणि परत जात होत्या.

सोमवारी दिवेलागणीला अचानक वेग वाढला. तीन दिवसांचे झाले दोन तास! मी खुर्चीतून उठलो. त्याच वेळी माझी आई देवापुढे दिवा लावून आली होती.

"बघ," आई म्हणाली, "दिवा लावला आणि झालं."

"मी आत्ताच फडक्याने पुसला तो डबा," सुनंदा म्हणाली. "केवढी धूळ होती."

मी म्हणालो, की मी मघाशी टाईप केलेल्या आज्ञेचा परिणाम जरा उशिरा दिसतो. श्रेयाची वाटणी संपायच्या आत वेग पुन्हा कोसळला. सुनंदाने पुन्हा पुसलं. काही नाही. मी पुन्हा टाईप केलं. काही नाही. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "सारखा सारखा नसतो लावायचा."

मंगळवारी लाईट गेली. आमच्याकडे लाईट गेल्याचं अंधारावरून नाही, शांततेवरून कळतं. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आला, आणि वेग एकदम वर! आता मात्र मला सगळं लख्ख समजलं: दोष विजेत आहे. तारेतून येणारी वीज गढूळ, इन्व्हर्टरची शुद्ध. (शांतता आणि वेग यांचा संबंध जोडायला मनुष्य थोडा कमी वाचलेला असावा लागतो.) लाईट आली तसा वेग पडला. सिद्धांत पक्का झाला. मी ताबडतोब घराचा मेन स्विच बंद केला.

वेग ढिम्म हलला नाही. पंखे मात्र थांबले, आणि फ्रीजमधलं दूध नासलं. शेवटी इन्व्हर्टरनेही मान टाकली, आणि सासूबाई पुन्हा माहेरी गेल्या.

"शुक्रवारी चालत होतं ना तुमचं?" सुनंदाने विचारलं. तिचा आवाज शांत होता, ही वाईट खूण.

"तेच तर. शुक्रवारनंतर मी काय बदललं ते शोधतोय."

"सोमवारी लावून नुसतं सोडून दिलं असतंत, हात न लावता, तर आत्तापर्यंत बरीचशी आली असती ती."

हे गणित बरोबर होतं, म्हणून मी केबल पुन्हा तपासू लागलो. तिने पडद्यावरचा उरलेला वेळ वाचला. मग म्हणाली, "अण्णांनी दोनदा फोन करून विचारलंय, ती कुठली साडी नेसलेय त्यात. मला आठवत नाही हो." आणि आत गेली. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

बुधवारी जगदीश स्वतः आला. येताना नवीकोरी हार्ड डिस्क घेऊन आला, कारण त्याच्या मते जुन्या वस्तूवर एकच इलाज असतो. ती लावली. तीही तितक्याच निवांतपणे चालू लागली. फरक एवढाच की तिची बत्ती निळी होती.

"भावजी, खरं सांगा," जगदीश म्हणाला, "हे फुकटचं हाय म्हणून हळू चालतं का? आमच्या गोडाऊनात एवढे कॅमेरे हायत, कधी असं न्हाय झालं."

"जगदीशराव, हा मुक्त प्रणालीचा प्रश्न नाही. लिहिण्याच्या प्रक्रियेत कुठेतरी—"

"होनार का न्हाय तेवढं बोला. उद्या अण्णांना काय सांगू, आई वाटेत हाय?"

सुनंदाने त्याला चहा आणून दिला. बसायला जागा आणि ठेवायला टेबल तेवढं एकच. जगदीशने कप कॉम्प्युटरशेजारी ठेवला, कपाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"तुमच्याकडं भूकंप चालू हाय का?"

"का?"

"चहा बघा की. तलावात दगड टाकल्यागत हलतोय." त्याने टेबलावर तळहात ठेवला आणि झटकन काढून घेतला. "अरे देवा. दाढ हलली माझी."

"ते माग आहेत पलीकडे," मी समजुतीने म्हणालो. "त्याचं काही नाही. तर मी सांगत होतो, लिहिण्याच्या प्रक्रियेत—"

तेवढ्यात लाईट गेली.

"अहो," सुनंदा म्हणाली, "चहा थांबला."

चहा खरंच थांबला होता. अगदी आरशासारखा. आणि पडद्यावरचा वेगाचा आकडा झपाझप चढत होता. आम्ही तिघं कपाकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत राहिलो. लाईट आली, माग खडखडले, चहात वर्तुळं उठली, आकडा खाली आला. बोलण्यासारखं फक्त जगदीशकडे होतं, आणि त्याने ते बहिणीकडे बघून गिळलं.

हार्ड डिस्कच्या पोटात एक तबकडी फिरत असते आणि तिच्यावर केसाएवढ्या अंतरावरून एक सुई लिहीत असते. हादरा बसला की सुई चुकते, थांबते, पुन्हा लिहिते. हे मी वाचलेलं होतं. मी तिला तीन दिवस धावत्या बैलगाडीत बसवून गाथा लिहायला सांगत होतो. पूर्वी टेबल सुटं होतं तेव्हा निदान निम्मे हादरे तरी पेनांच्या वाट्याला जायचे. स्क्रू मारून मी त्यांना थेट वाट करून दिली होती.

"मग शुक्रवारी कसं चाललं?" मी शेवटचा किल्ला लढवला.

"शुक्रवारी माग बंद असतात ना रे, आणि दिवेलागणीला पाळी बदलताना थोडा वेळ," आई आतून म्हणाली. "जन्म गेला इथे तुझा."

आता निर्णय झटपट झाले. कॉम्प्युटर उचलून आतल्या खोलीत, भिंतीपासून लांब, आईच्या कापसाच्या गादीवर ठेवला. आईला खुर्ची दिली. जगदीशने बूट काढले, मोबाईल बंद केला (असं होतं हे त्याच्या बायकोनेही पाहिलं नसेल) आणि दारात उभा राहून कुजबुजत हुकूम सोडू लागला.

"कोनी चालू नका. सुनंदा, पोळ्या लाटू नको. मावशी, खोकू नका."

"मी माझ्या घरात खोकायचं नाही?" आईने विचारलं.

"आई येतेय माझी. येऊ द्या."

यावर आईने तोंडाला पदर लावला. तासाभरात सासूबाई सुखरूप पोचल्या. ("तासाभराचं काम" हे माझं वाक्य बरोबरच होतं, हे मी बोलून दाखवलं. कोणाचं लक्ष नव्हतं.) हार्ड डिस्क जगदीशने स्वतःच्या मांडीवर ठेवून पडघ्याला नेली, गाडी ड्रायव्हरने चालवली आणि प्रत्येक खड्ड्याला शिव्या खाल्ल्या.

गुरुवारी अण्णा रथात बसले नाहीत. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. ढोल झाले, भाषणं झाली, गोडाऊनांची वरून काढलेली दृश्यं नको तितकी झाली. मग त्या प्रचंड पडद्यावर मी चाचपडू लागलो. दोन मजली उंचीचा मी, डोळ्यांत मुंडावळ्या. अख्खा पडघा हसला. आणि माझ्या कोपराशेजारी सासूबाई, हिरव्या साडीत, तोंडाला पदर लावून. सुनंदाने माझा हात धरला. स्टेजवर जगदीशने माईक खाली ठेवला आणि तो पडद्याकडे वळला.

अण्णांनी मला खुणेने जवळ बोलावलं. म्हटलं, आता पाठीवर हात पडणार. तीन दिवस त्या आकड्याशी झुंजलो होतो, थोडंसं कौतुक मलाही चाललं असतं.

"जावईबापू," पडद्यावरून नजर न काढता अण्णा म्हणाले, "लई भरकन गेली वो ती. जरा हळू न्हाय लावता येनार?"

"अण्णा," मी म्हणालो, "त्यासाठी तुम्ही अगदी योग्य माणसाकडे आलात."