टाच टेकवणारे उस्ताद

उस्तादांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, असं नवीन असताना आम्हाला वाटायचं. खरी गोष्ट अशी, की ते ती वापरतच नसत. लकडगंजात लाकूड चिरायच्या एका आरा मशीनमागच्या शेडमध्ये ते कराटे शिकवत. पांढरा पट्टा बांधून कोणी नवा उभा राहिला, की दोन-चार दिवस नुसते बघत. मग त्याच्या अंगातली सगळ्यात हट्टी खोड हुडकून तिच्याच नावानं त्याचं बारसं करत. ठोसा मारताना खांदे कानापर्यंत नेणारा तो खांद्या. मार बसायच्या आधीच डोळे मिटणारा तो मिचक्या. एका वकिलाचा मुलगा प्रत्येक लाथेनंतर पँट वर ओढायचा. तो नाडी. आणि मी टाच्या.

उलट्या, म्हणजे मागे असलेल्या हातानं ठोसा मारताना मागच्या पायाची टाच जमिनीला चिकटून राहायला हवी. माझी उठायची. जेमतेम बोटभर, पण उठायची. "ठोसा हातानं नाही मारत बे," उस्ताद म्हणत, "टाचेनं मारतेत. हात नुसता पोचवून देते." माझा ठोसा बहुधा रस्त्यातच कुठंतरी उतरून जात असावा, कारण समोरच्याला तो कधी पोचलाच नाही.

खोड गेली, की उस्ताद माणसाला त्याचं नाव परत देत. त्याला समारंभ नव्हता. पट्ट्याचा रंग बदलला की पेढे वाटले जात, फोटो निघत. पण पोरं वाट बघत ती दुसऱ्याच दिवसाची. सराव संपला की उस्ताद सागाच्या ओंडक्यावर बसत आणि कोणाकडे तरी पाणी मागत. ज्याची खोड गेली, त्याला त्या दिवशी नावानं हाक येई. "सुधाकर, पाणी दे गा." झालं, एवढंच. पण सुधाकर, म्हणजे कालपर्यंतचा खांद्या, माठाकडे असा चालत गेला होता, की नवरदेवानं मांडवात शिरताना बघून शिकावं.

दिवसा उस्ताद त्याच आरा मशीनवर मापारी होते. टेपनं ओंडके मोजायचे आणि खडूनं आकडा टाकायचा. उंची पाच फूट, अंगात खाकी हाफपँट, आणि वजन ओल्या कपड्यांसकट पन्नास किलो. साल बघून ते आतली गाठ सांगत, आणि करवत तिथंच अडे. माणसांच्या बाबतीतही त्यांचं तेच होतं. कराटे ते कलकत्त्याला शिकले होते हे नक्की, पण कोणाकडून, ते प्रत्येकाला निराळं सांगत. मला म्हणाले, जहाजावरच्या एका जपानी आचाऱ्याकडून. सुधाकरला म्हणाले, एका दंतवैद्याकडून. आम्ही दोघांनी मिळून जाब विचारला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आचारी दातं बी काढे."

शेडमध्ये वीतभर भुसा अंथरलेला असे. पडलं तर लागत नसे, पण घरी गेल्यावर माझ्या कानातून एवढा भुसा निघायचा, की आई विचारायची, "तू शिकून राहिला का तुले चिरून राहिले?"

माझी अडचण अशी, की टाच उठते हेच मला मान्य नव्हतं. उस्तादांनी त्यावर उपाय काढला. भुशावर फळी टाकून ते मला तिच्यावर उभं करत. टाचेखाली सागाची पातळ चिपटी, चिपटीला सुतळी, आणि सुतळीचं टोक मागे बसलेल्या उस्तादांच्या हातात. मी ठोसा मारला, की ते ओढत. टाच टेकलेली असेल तर चिपटी निघणार नाही. ती रोज निघायची. मग माझ्या नाकासमोर धरून ते विचारत, "हे काय माह्या खिशातून आलं?" मी म्हणायचो, "उस्ताद, तुम्ही जोरात ओढली." एकदा मी टाचेला गुपचूप डिंक लावून गेलो. चिपटी टाचेला चिकटली, टाच उठली, आणि चिपटीही तिच्याबरोबर वर आली. उस्तादांनी सगळ्या पोट्ट्यांना गोळा करून ते दृश्य दाखवलं.

मिचक्याला नाव मिळालं. माझ्यानंतर आलेल्या दोघांना मिळालं. शेवटी नाडीसुद्धा अरविंद झाला, तेव्हा माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "उस्ताद, माझी टाच उठत नाही. तुम्ही उगाच मागे लागला आहात."

"उठते बे."

"नाही उठत."

"बरं," ते म्हणाले, "मंग घरी जाय. ज्याची टाच उठत नाही, त्याले मी काय शिकवू?"

मी गेलो. वाटलं, दोन दिवसांत बोलावणं येईल. बारा वर्षं आलं नाही.

त्या बारा वर्षांत मला पाटबंधारे खात्यात नोकरी लागली, लग्न झालं, पोट आलं. माझा पट्टा बायकोनं वळकटी बांधायला घेतला. खरं सांगतो, त्याचा इतका चांगला उपयोग माझ्या हातून कधीच झाला नव्हता. कचेरीत मात्र मी कराटेवाला म्हणून प्रसिद्ध होतो, कारण ती प्रसिद्धी मीच केली होती. एकदा डबे खाताना विषय निघाला, आणि मी आवारात पडलेलं एक कौल दोन विटांवर ठेवून त्यावर हात मारला. कौल फुटलं नाही. मनगट फुटलं. दवाखान्यात नेताना आमचा शिपाई मला धीर देत होता, "साहेब, कौल ओलं होतं."

दीड महिना हात गळ्यात अडकवून बसलो. लोक विचारत, आणि मी दर वेळी आणखी मोठा गुंड सांगत असे. पण घरी एकटा असलो की तो ठोसा मनात पुन्हा पुन्हा मारून बघायचो, आणि दर वेळी मला माझी टाच दिसायची. हवेत. बारा वर्षांत पहिल्यांदाच दिसली. मग भुशाचा वास येऊ लागला. भलत्या वेळी, जेवताना, फायलीत तोंड घातलेलं असताना. पलंगासाठी लाकूड बघून येतो, असं सांगून मी एका रविवारी सकाळी लकडगंजला निघालो. बायकोनं वळकटीचा पट्टा सोडून हातात दिला आणि म्हणाली, "पलंग याच्यानंच मोजणार काय?"

उस्ताद ओंडक्यावरच होते. केस पांढरे झालेले. मी पाया पडलो. माफीचं भाषण पाठ करून नेलं होतं.

"मी मधुकर, उस्ताद."

त्यांनी डोळे बारीक केले. "कोण मधुकर?"

भाषण तिथंच संपलं. मी मुकाट्यानं शाळकरी पोट्ट्यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिलो. पट्टा पोटाभोवती एकच वेढा जेमतेम घेत होता. ठोशांची गिनती सुरू झाली. चौथा की पाचवा ठोसा असेल.

"अबे टाच्या!" मागून आवाज आला. "कवा आला बे?"

मी चहा प्यायला बाहेर गेलो होतो आणि आत्ता परत आलो, असा तो आवाज होता. मी वळलो नाही. तेहतीस वर्षांच्या कारकुनानं शाळकरी पोरांच्या रांगेत रडलेलं बरं दिसत नाही.

त्यानंतर मी एक रविवार सोडला नाही. गुडघे कुरकुरायचे, पोट आधी वळायचं आणि मी मागून, पोट्टे काका म्हणायचे आणि पाडायचे. मला एकच हवं होतं. पट्टा नको होता, फोटो नको होता. एकदा त्यांनी मला नावानं पाणी मागावं. पण वेळ कमी होता. काचबिंदूनं उस्तादांची नजर चालली होती. आधी खडूचे आकडे चुकू लागले, मग मालकानं टेप काढून घेतला आणि त्यांना नुसतं बसवून ठेवलं. सुतळी-चिपटीचा खेळ त्यांनी स्वतःच बंद केला. मी डॉक्टरांचं नाव काढलं, की म्हणत, "दाखवलं गा. तो बी म्हणते, काही दिसून नाही राहिलं."

दीड वर्षानं आरा मशीन विकलं गेलं. शेड पाडून गोदाम होणार होतं, आणि उस्ताद भिवापूरला बहिणीकडे जायला निघाले. शेवटच्या रविवारी त्यांनी एकेकाला काता करायला लावला. काता म्हणजे ठरलेल्या वार-बचावांची साखळी. त्यातला शेवटचा ठोसा नेमका माझा, उलट्या हाताचा. उस्ताद मान थोडी तिरपी करून बसले होते. भुशात पावलांचा आवाज होत नाही.

मी शेवटचा ठोसा मारला. उस्ताद म्हणाले, "मधुकर, पाणी दे गा."

पोट्टे चमकून बघू लागले. मी माठाकडे गेलो. पाच-सहा पावलांचं अंतर. इतकी वर्षं त्या पावलांची स्वप्नं बघितली होती, आणि आता ती माझी नव्हती. कारण टाच उठली होती. बोटभर. माझी मला कळली होती. गप्प बसलो असतो तर कोणाचं काय गेलं असतं? पोट्ट्यांनी पाहिलं नव्हतं, उस्तादांना दिसलं नव्हतं. मी लोटा भरला. त्यांच्या हातात दिला आणि जवळ बसून हळूच म्हणालो,

"उस्ताद, उठली होती."

"काय?"

"टाच."

त्यांनी आधी सगळं पाणी पिऊन घेतलं. घाई नाही. लोटा खाली ठेवला.

"मले नाही दिसली."

"मला समजली."

"तुले समजली?" ते हसू लागले. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, खांदे थरथरत होते. "तवा भांडून गेल्ता लेका, उठत नाही म्हणून. आता तुले समजते?"

"हो."

"मंग माहं काय काम रायलं?" त्यांनी चाचपडत माझ्या मांडीवर थाप मारली. "जाय टाच्या. पुन्हा कर."

मी पुन्हा केला.

दिवाळीत भिवापूरला जायचं ठरवलं होतं. दिवाळीत कचेरीनं अडवलं, उन्हाळ्यात मुलाच्या गोवरानं, आणि मग नुसत्या आळसानं. मी गेलो तेव्हा दुसरी दिवाळी होऊन गेली होती. पत्ता विचारत घर गाठलं. अंगणभर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि एक म्हातारी त्यांतून वाट काढत पुढं आली. चेहऱ्यावरून बहीण, हे लगेच कळलं.

"कोण पायजे भाऊ?"

मी सांगितलं.

"तो तं गेला नं, बापा," ती म्हणाली. "पोळ्याच्या आधी. तुमाले कोणी सांगतलं नाही?"

तिनं मला ओट्यावर बसवलं. दिवसभर इथंच बसे म्हणाली, ऊन फिरलं की खाट फिरवून घे, आणि बसल्या बसल्या पोट्ट्यांची नावं घे. मला शिंका यायला लागल्या, म्हणून तिनं मिरच्यांची टोपली लांब सरकवली.

"तुमचं नाव काय म्हनलं भाऊ?"

"मधुकर."

तिनं बराच वेळ आठवून पाहिलं. मग ओशाळून मान हलवली. "असं नाव तं त्यानं कधी घेतलं नाही."

"मी टाच्या," मी म्हणालो.

पदरानं डोळे पुसत म्हातारीनं घरात हाक मारली, "चाय मांड वं सूनबाई! टाच्या आला!"