खिडकीचा गज सोडताना

देवाच्या प्रीतीविषयी मी दर रविवारी उपासनेत ऐकत आलो. मनातून मात्र मी त्याला न्यायाधीशच मानले. माझी प्रार्थनाही अर्जासारखी असे: आधी तक्रार, मग पुरावे, शेवटी विनंती. माजलगावच्या धरणाखाली, सिंदफणेच्या काठी असलेल्या आमच्या घरावर पुतण्याने दावा लावला होता. मला एकच धास्ती होती. घर क्षणभर जरी रिकामे दिसले, तरी तो आपले कुलूप ठोकील. त्या भीतीने मी मेहुणीच्या मुलीच्या लग्नालाही गेलो नव्हतो.

पावसाळ्याच्या अखेरीस एका सकाळी, धरणातून पाणी सोडले आहे, वस्ती रिकामी करा, असे भोंग्यावरून सांगण्यात आले. लोक निघाले. मी ओट्यावर उभा राहून ओरडत होतो, "लेखी नोटीस दाखवा! तोंडी सूचनेवर मी घर सोडणार नाही!" पत्नी गुडघ्यांनी अधू. ती खाटेवरूनच म्हणाली, "नोटीस कुनाला मागता? पान्याला? ते दारात आलंय बगा." मग डोळे मिटून ती एवढेच बोलली, "बापा, आमाला धर."

पाणी कमरेला लागले तेव्हा माझा सारा संताप ओसरला आणि त्याखाली वर्षानुवर्षे दडलेली भीती उघडी पडली. प्रार्थना करू गेलो, पण एकही मुद्दा सुचेना. तेवढ्यात दोराला बांधलेली ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन एक अनोळखी मुसलमान गृहस्थ पाण्यातून आत आला. पत्नीला ट्यूबवर बसवून त्याने पलीकडच्या उंचवट्यावर पोहोचविले आणि तो माझ्यासाठी परतला. मी खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

"चाचा, गज सोडा."

"घर जाईल माझं!"

"घर ऱ्हाईल हितंच, तुमीच वाहून जाताल! अन् मला बी गच्च धरू नका, दोघं बुडू. मी धरलंय तुमाला. तुमी निस्ते ऱ्हा."

स्वतः काहीही न धरता नुसते राहणे मला कधी जमलेच नव्हते. त्या क्षणी मात्र बोटे सैल झाली. डोक्यावरून पाणी गेले, प्राण कंठाशी आले. तरी काखेतला तो हात सुटला नाही. शाळेच्या उंचवट्यावर पत्नी पदराने माझे डोके पुसत म्हणाली, "झाली का सुनावणी?" तो गृहस्थ तोवर पुन्हा पाण्यात उतरला होता. पुढे मी बाजारात, गॅरेजांत पुष्कळ चौकशी केली. तो सापडला नाही. पत्ता मिळता, तर आभाराचे पत्र लिहिले असते.

पाणी ओसरल्यावर आमच्या दाराला पुतण्याचे कुलूप होते. ज्याची धास्ती घेतली, ते घडले. सध्या आम्ही चर्चमागच्या खोलीत राहतो. ते कुलूप बेकायदेशीर आहे, असे मी सर्व कार्यालयांना खरमरीत भाषेत कळविले आहे आणि कळवीत राहीन. परंतु कोर्टात पुतण्याच्या वकिलाने, "घर तुम्ही आपणहून सोडले का?" असे विचारले, तेव्हा पूर्वीप्रमाणे पळवाट शोधली नाही. "हो, सोडले," असे म्हणालो. माझा आवाज कापला नाही, याचे मलाच नवल वाटले.

निकाल अजून लागायचा आहे. तारीख जवळ आली की आजही जुनी धास्ती परत येते. मग मी पत्नीशेजारी बसतो, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवतो आणि तिचेच शब्द म्हणतो, "बापा, आमाला धर." त्यापुढे विनंती जोडीत नाही.